‘अ डेंजरस मेथड’ पाहून मन का निवले नाही?

प्रश्न

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि त्याचा तरुण सहकारी युंग यांच्यावरचा डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा चित्रपट ‘अ डेंजरस मेथड’ मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो आपल्याला आवडला की नाही, हे मला ठरवता आले नाही. चित्रपट सरळसरळ फसलेला वाटला असता, तर हा प्रश्न मी येथे मांडलाच नसता. तो फसलेला नाही. तरीही ज्या गोष्टीसाठी मी त्याची इतकी वर्षे वाट पाहिली, तीच त्यात हाती लागली नाही, अशी रुखरुख मनात राहिली आहे.

वाट का पाहत होतो, ते आधी सांगतो. फ्रॉइड आणि युंग यांनी १९०६ ते १९१४ या काळात एकमेकांना लिहिलेली सुमारे साडेतीनशे पत्रे मी पूर्वी ओळीने वाचून काढली होती. त्या पत्रांत एक रशियन तरुणी अगदी सुरुवातीलाच येते, पण निनावी येते. २३ ऑक्टोबर १९०६ च्या पत्रात युंग फ्रॉइडला लिहितो की एका अवघड रुग्णाविषयी त्याला मन मोकळे करायचे आहे. ती वीस वर्षांची विद्यार्थिनी असून सहा वर्षे आजारी आहे. मार्च १९०९ मध्ये तो पुन्हा लिहितो की एका स्त्रीरुग्णाने त्याच्याभोवती मोठे वादळ उठवले आहे, आणि याही वेळी नाव सांगत नाही. पुढे ती स्वतःच फ्रॉइडला पत्र लिहिते, ही बाई कोण अशी विचारणा फ्रॉइड युंगकडे करतो, आणि तेव्हा कोठे, जून १९०९ मध्ये, युंग कबूल करतो की ती सबीना श्पीलराइन. अडीच वर्षांहून अधिक काळ ती या दोघांच्या बोलण्यात नावाशिवाय वावरत होती.

तिची बाजू जगापुढे यायला तर आणखी कितीतरी दशके जावी लागली. १९७७ मध्ये जिनिव्हातील पॅले विल्सन या इमारतीच्या तळघरात तिची रोजनिशी आणि पत्रे सापडली आणि १९८० मध्ये आल्दो कारोतेनुतो या इटालियन विश्लेषकाने ती प्रसिद्ध केली. दोन थोर पुरुषांच्या मैत्रीतील अडचणीचा एक प्रसंग म्हणून जिची नोंद झाली होती, ती स्वतः विचार करणारी, स्वतः लिहिणारी बाई होती हे त्या कागदांवरून लख्ख दिसले. या तिघांवर चित्रपट निघतो आहे असे कळले, तेव्हा आता आपल्याला ती बाई भेटणार, अशी आशा मला वाटू लागली.

आता चित्रपटाविषयी. सुरुवात मला अंगावर काटा आणणारी वाटली. घोडागाडी झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाकडे धावते आहे, आत दोन-तीन माणसांनी धरून ठेवलेली सबीना किंचाळते आहे, आणि काचेवर तिचा चेहरा दाबला जातो. थोड्याच वेळात ती एका खोलीत खुर्चीवर बसलेली दिसते, युंग तिच्या मागे खुर्ची मांडतो आणि वळून पाहायचे नाही असे तिला सांगतो. सबीनाची भूमिका करणारी किरा नाइटली बोलायचा प्रयत्न करते, शब्द ओठांपर्यंत येतात आणि खालचा जबडा पुढे सरकून जणू त्यांची वाट अडवतो. अनेकांना हा अभिनय भडक वाटला. मला वाटला नाही, कारण जे सांगायचे आहे त्याची लाज शरीरातच कशी अडकून बसते, हे इतक्या स्पष्टपणे मी पडद्यावर क्वचित पाहिले आहे.

पण ती बरी होते, वैद्यकाचा अभ्यास सुरू करते, आणि नेमके तेथूनच चित्रपटाचे लक्ष तिच्यावरून उडते असे मला जाणवले. आता तो युंगच्या द्विधेत रमतो, युंगचा रुग्ण झालेला मनोविश्लेषक ओटो ग्रोस याच्या बेबंद तत्त्वज्ञानात रमतो, फ्रॉइडच्या सिगारमागच्या शांत नजरेत रमतो. सबीनाला मुख्यतः युंगसोबतच्या खोलीतील प्रसंग मिळतात, ज्यांत ती मार खाते आणि त्यातून तिला सुख मिळते. १९११ मध्ये ती व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाची सभासद झाली, तेथे तिने स्वतःचा सिद्धान्त मांडला, हा भाग मात्र चार वाक्यांत उरकला जातो. ९९ मिनिटांत सारे काही मावणार नाही, हे मला मान्य आहे. पण काय मावले आणि काय गाळले गेले, यावरून चित्रपटाला कोणात रस होता ते कळतेच.

म्हणून जाणकारांना विचारतो. माझी अपेक्षाच चुकीची होती का? मी चरित्रपटाची अपेक्षा धरून बसलो आणि क्रोनेनबर्ग यांनी मुळात वेगळ्याच गोष्टीवर चित्रपट केला, असे झाले आहे का? आणि ती वेगळी गोष्ट कोणती?

पहिला प्रतिसाद

आपली रुखरुख मला पूर्णपणे समजते, आणि ती केवळ अपेक्षेतून आलेली नाही असे मला वाटते. त्यामागे या पटकथेचा प्रवास आहे, म्हणून तो आधी मांडतो.

या चित्रपटाचा मूळ आधार म्हणजे जॉन कर यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला जाडजूड संशोधनग्रंथ. त्यावरून क्रिस्टोफर हॅम्प्टन यांनी प्रथम चित्रपटासाठी संहिता लिहिली होती, आणि तिच्या केंद्रस्थानी सबीनाच होती. ती भूमिका ज्युलिया रॉबर्ट्स यांनी करावी असा बेत होता. तो चित्रपट झाला नाही. मग हॅम्प्टन यांनी त्याच सामग्रीचे नाटक केले, ते २००२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आले आणि त्यात राल्फ फाइन्स यांनी युंगची भूमिका केली. नाटकात गुरुत्वमध्य युंगकडे सरकला, आणि क्रोनेनबर्ग यांनी चित्रपट केला तो या नाटकावरून. आपण ज्या चित्रपटाची वाट पाहत होतात, तो बहुधा त्या पहिल्या, न झालेल्या चित्रपटाच्या जवळचा होता. प्रत्यक्षात जे पडद्यावर आले, ते एका तरुण डॉक्टरचे नाटक आहे आणि सबीना त्यातील त्याची परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट माराच्या प्रसंगांची. याबाबत मला तीव्र आक्षेप आहे आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याची माझी इच्छा नाही. वडील मारत असत आणि त्या माराशी तिची लैंगिक जाणीव कशी गुंतून गेली होती, हे रुग्णालयाच्या नोंदींत आहे. तो भाग चित्रपटाने रचलेला नाही. परंतु युंग आणि ती यांच्यात नंतरच्या काळात तसे काही घडले, याला रोजनिशीत, पत्रांत किंवा नोंदींत कोठेही आधार नाही. दोघांमधल्या जवळिकीसाठी ती ‘काव्य’ हा शब्द वापरते, आणि त्या शब्दाआड नेमके किती होते यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. जेथे कागद गप्प आहेत तेथे कलावंताने कल्पना लढवावी, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या कल्पनेच्या दिशेला. रुग्ण म्हणून सांगितलेली अत्यंत खासगी वेदना उचलून तिलाच प्रेमप्रकरणाचा गाभा बनवले, की ती बाई पुन्हा तिच्या आजारातच कोंडली जाते. जी बरी झाली, ती बरी झालीच नव्हती, असा त्याचा अर्थ निघतो.

आणि ती खरोखर बरी झाली होती. १७ ऑगस्ट १९०४ रोजी ती बुर्गहोल्झलीत दाखल झाली, १९०५ च्या जूनमध्ये बाहेर पडली, आणि त्याच वर्षी झुरिक विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासाला लागली. दहा महिन्यांतला हा बदल कोणालाही थक्क करील. त्याचे श्रेय चित्रपट जवळजवळ सगळे त्या दोन खुर्च्यांना देतो. प्रत्यक्षात त्या रुग्णालयाचे वातावरणच वेगळे होते. संचालक ऑयगन ब्लॉयलर यांच्या शिस्तीत डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहत, मद्याला हात लावत नसत, आणि रुग्णाचे बोलणे कितीही विस्कळीत असले तरी ते अर्थपूर्ण आहे असे धरून ऐकत असत. सबीनाला तेथे कामात मदतीला घेतले गेले, तिच्या हुशारीवर विश्वास टाकला गेला. ब्लॉयलर चित्रपटात आहेत, पण क्षणभरच. ते वजा झाले, की उरते ती फक्त एक तरुणी आणि एक डॉक्टर. मग पुढे जे होते ते अटळ वाटू लागते. इतिहासात ते अटळ नव्हते.

दुसरा प्रतिसाद

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करते आहे, त्यामुळे माझे पाहणे थोडे वेगळ्या जागेवरून झाले. वरील प्रतिसादातील माहितीशी माझा वाद नाही. पण हा चित्रपट युंगच्या बाजूने झुकलेला आहे, एवढ्यावर त्याला सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

शब्दसाहचर्य चाचणीचा प्रसंग आपण पुन्हा एकदा सावकाश पाहावा, अशी माझी विनंती आहे. ही चाचणी युंगची त्या काळातील ओळख होती. शंभर शब्दांची यादी असे, एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि हातातील घड्याळावर सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत मोजायचे की उत्तराला किती वेळ लागला. जेथे उत्तर अडखळते, तेथे काहीतरी दडलेले आहे, हे त्यामागील सूत्र. चित्रपटात युंग ही चाचणी आपल्या पत्नीची, एमाची, घेतो आणि सबीना शेजारी बसून नोंद ठेवते. सगळे शास्त्रीय आहे, उपकरणे चकचकीत आहेत, एमाचे हात जागच्या जागी स्थिर आहेत. आणि उत्तरांच्या मधल्या त्या छोट्या खंडांतून तिची सगळी भीती खोलीत पसरते: नवऱ्याचे मन आपल्यावरून उडेल ही भीती. एमा उठून गेल्यावर सबीना त्या नोंदींचा अर्थ लावते, आणि तो इतका अचूक असतो की पुढचा प्रश्न ती सहज विचारते: या तुमच्या पत्नी ना?

या एका प्रसंगात मला आपली सबीना भेटली. ती येथे रुग्ण नाही, प्रेयसीही अजून झालेली नाही. ती ऐकते आहे, आणि युंगपेक्षा चांगले ऐकते आहे. युंगला आकडे दिसतात, पण त्यामागे बसलेली स्वतःची बायको दिसत नाही. चित्रपटाला तिच्या बुद्धीत रस नाही असे आपण म्हणता, तेव्हा हा प्रसंग आपल्या लक्षातून निसटला असावा.

आता ‘ती वेगळी गोष्ट कोणती’ या आपल्या प्रश्नाविषयी. माझ्या मते हा चित्रपट एका पद्धतीविषयी आहे, आणि तसे त्याच्या नावातच आहे. बोलून बरे करणे ही कल्पना तेव्हा पंचवीस वर्षांचीही नव्हती. जोसेफ ब्रॉयर यांच्या ज्या रुग्णाला आपण ‘अॅना ओ’ म्हणून ओळखतो, त्या बर्था पापेनहाइमने या उपचाराला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव स्वतःच दिले होते, आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरचा ग्रंथ १८९५ चा. म्हणजे १९०४ मध्ये युंग त्या खुर्चीमागे बसतो, तेव्हा त्याच्यासमोर कोणतेही नियम नाहीत. रुग्णाच्या मनातील जुने प्रेम, जुना राग, बापाविषयीची ओढ उपचारकावर येऊन बसते, ज्याला आम्ही भावसंक्रमण म्हणतो, याची फ्रॉइडला कल्पना होती. परंतु उपचारकाच्या मनातही रुग्णाविषयी तशीच लाट उठते, आणि ती ओळखून काबूत ठेवावी लागते, हे तोपर्यंत कोणी नीट सांगितलेले नव्हते. त्यासाठीचा ‘प्रतिसंक्रमण’ या अर्थाचा जर्मन शब्द फ्रॉइडने पहिल्यांदा वापरला तो ७ जून १९०९ च्या युंगला लिहिलेल्या पत्रात, आणि तो याच प्रकरणाच्या संदर्भात.

हे मी फार गांभीर्याने घेते. आज या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच शिकवले जाते की रुग्णाशी असे नाते जोडणे हा अपराध आहे, आणि आपल्या मनात काय उठते आहे ते वरिष्ठांपाशी नियमितपणे बोलले पाहिजे. ती शिकवण सबीनासारख्या स्त्रियांनी भोगलेल्या गोष्टींतून आली आहे. चित्रपटात युंग तिला पत्र लिहून दूर लोटतो, फ्रॉइडपुढे खोटे बोलतो, आणि शेवटी तिच्या आग्रहामुळे सत्य कबूल करतो. तिने ते सत्य त्याच्याकडून वदवून घेतले, हा माझ्या दृष्टीने चित्रपटाचा खरा उत्कर्षबिंदू आहे. मारापेक्षा तो प्रसंग मला अधिक हादरवून गेला.

आपल्या द्विधेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकाच वस्तूविषयी ओढ आणि दुरावा दोन्ही एकदम वाटणे, याला मानसशास्त्रात ‘अँबिव्हॅलन्स’ हा जो शब्द रूढ झाला, तो १९१० च्या सुमारास ब्लॉयलर यांनीच घडवला. ज्या रुग्णालयात सबीना बरी झाली, त्याच रुग्णालयाच्या प्रमुखाचा तो शब्द आहे.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. शब्दसाहचर्य चाचणीच्या प्रसंगाबाबत आपले म्हणणे मला मान्य करावे लागेल. तो मी पाहिला होता, पण एमाकडे पाहण्याच्या भरात सबीनाच्या हातातील घड्याळाकडे माझे दुर्लक्ष झाले.

तरीही एक शंका शिल्लक आहे. तिने चांगले ऐकले, तिने सत्य वदवून घेतले, हे सगळे युंगच्या संदर्भात आहे. तिचा स्वतःचा विचार, म्हणजे तिचा सिद्धान्त मांडणारा १९१२ चा निबंध, यावर चित्रपटाने काय केले असे आपणांस वाटते? फ्रॉइडच्या मृत्युप्रेरणेची, म्हणजे सजीवाला मरणाकडे ओढणाऱ्या प्रेरणेची, कल्पना मुळात तिची होती, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. चित्रपटही तसेच काहीसे सुचवतो का?

तिसरा प्रतिसाद

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘उत्पत्तीचे कारण म्हणून विनाश’ असे तिच्या निबंधाच्या जर्मन शीर्षकाचे मराठी करता येईल. त्याचा काही भाग तिने २९ नोव्हेंबर १९११ रोजी व्हिएन्नाच्या मंडळापुढे वाचला आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. प्रश्न ती अगदी साधा विचारते: प्रजननाची प्रेरणा इतकी बलवान आणि सुखद असताना तिच्याबरोबर भीती आणि किळस का येते? तिचे उत्तर असे, की नवे काही जन्माला यायचे तर जुन्याला विरघळावे लागते. फलनाच्या वेळी दोन पेशी एकमेकींत मिसळतात आणि दोघींचेही पूर्वीचे रूप संपते. माणसाचे मनही प्रेमात आपले ‘मी’पण गमावण्याच्या उंबरठ्यावर उभे असते आणि म्हणून बिचकते. ती पुराणकथांचे दाखले देते, जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांतील नायक-नायिकांचे दाखले देते, ज्यांचे प्रेम मरणात पुरे होते.

फ्रॉइडने १९२० मध्ये मृत्युप्रेरणेचा विचार मांडला, तेव्हा एका तळटीपेत तिचे नाव घेतले आणि आपल्या या तर्काचा बराचसा भाग तिने आधीच मांडला होता असे मान्य केले; मात्र तिचा निबंध आपल्याला पुरता उलगडलेला नाही, अशी पुस्तीही जोडली. या तळटीपेमुळेच मृत्युप्रेरणा ‘तिची’ आहे असे म्हटले जाते. मला ते अपुरे आणि काहीसे अन्यायकारक वाटते, आणि तो अन्याय तिच्यावर होतो. फ्रॉइडची मृत्युप्रेरणा सजीवाला निर्जीवाकडे, निश्चलतेकडे मागे ओढते. सबीनाचा विनाश मात्र पुढे जाणारा आहे. तो नव्याच्या जन्मासाठीच आहे. तिला फ्रॉइडची अग्रदूत ठरवले, की तिचा विचार पुन्हा त्याच्या विचाराची कच्ची प्रत होऊन बसतो. तिने मांडले ते वेगळे होते आणि त्याचे मोल स्वतंत्रपणे करायला हवे.

चित्रपट या बाबतीत निम्म्या वाटेवर थांबतो. फ्रॉइडच्या अभ्यासिकेत तिचे त्याच्याशी या विषयावर बोलणे होते, तो तिचे म्हणणे मान्य करण्याच्या जवळ येतो, आणि व्हिगो मॉर्टेनसेन यांनी त्या प्रसंगात फ्रॉइडचे आदरयुक्त कुतूहल फार सुरेख दाखवले आहे. परंतु लगेच बोलणे युंगकडे वळते, मग ज्यू असण्याकडे वळते. आम्ही ज्यू आहोत आणि ज्यूच राहणार, या आशयाचे वाक्य फ्रॉइडने १९१३ मध्ये तिला पत्रात खरोखर लिहिले होते, त्यामुळे तो भाग खोटा नाही. तिच्या निबंधाला मात्र पुरेसा अवकाश मिळत नाही.

आणि तरीही एका ठिकाणी मला चित्रपटाने तो निबंध ओळखला आहे असे वाटते, ते म्हणजे संगीतात. हॉवर्ड शोर यांनी वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’ या संगीतिकेतील सुरावटींवर हे पार्श्वसंगीत उभे केले आहे. सीगफ्रीड हे नाव सबीनाच्या रोजनिशीत पानोपानी येते. युंगपासून आपल्याला होणाऱ्या मुलाचे तिने मनात ठेवलेले ते नाव होते. आर्य वीराचे नाव, ज्यू आई आणि ख्रिस्ती बाप. ते मूल कधी झाले नाही. त्या काळात ती जे लिहीत होती, त्यात विनाश आणि उत्पत्ती एकमेकांत गुंतलेले आहेत, याचा उगम मला तेथे दिसतो. चित्रपटाने हे शब्दांत फारसे सांगितले नाही. पण सरोवरावरून होडी जाते तेव्हा ते संगीत सुरू होते, आणि ज्याने रोजनिशी वाचली आहे त्याला ते नाव आठवल्यावाचून राहत नाही.

चित्रपटानंतरच्या तिच्या आयुष्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण येथे वाचणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसेल. १९१२ मध्ये तिने पाव्हेल शेफ्टेल या डॉक्टरशी लग्न केले, १९१३ मध्ये तिची थोरली मुलगी रेनाटा जन्मली. पुढे जिनिव्हात ती मुलांच्या भाषेवर काम करत होती. बाळाच्या तोंडी ‘पापा’ आणि ‘मामा’ हे शब्द कसे येतात, यावर तिने १९२२ मध्ये निबंध लिहिला. तेथेच १९२१ मध्ये ज्याँ पियाजे तिच्याकडे विश्लेषणासाठी जात असे. मुलांच्या विचारप्रक्रियेवरील ज्याचे नाव पुढे जगभर झाले, तो तरुण पियाजे. १९२३ मध्ये ती रशियाला परतली, मॉस्कोत शिकवले, मग आपल्या जन्मगावी, डॉन नदीकाठच्या रोस्तोव्हला गेली. स्टालिनच्या दहशतीत तिचे तिन्ही भाऊ मारले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझी सैन्याने रोस्तोव्हच्या ज्यूंना शहराबाहेरच्या झ्मियेव्हस्काया घळीत नेऊन ठार केले. त्यांत ती आणि तिच्या दोन्ही मुली होत्या.

चित्रपट हे शेवटी पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरात सांगतो, फ्रॉइड, युंग आणि ग्रोस यांच्या शेवटाबरोबरच. तो मजकूर वाचताना मला प्रत्येक वेळी धक्का बसतो, आणि प्रत्येक वेळी वाटते की इतके सारे चार ओळींत सांगायला नको होते.

पहिला प्रतिसाद देणारा

सीगफ्रीडचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माराच्या प्रसंगांबाबतचा माझा आक्षेप कायम आहे, पण संगीताबाबत मी आपल्याशी सहमत आहे. ज्यांना सबीनाच्या आयुष्याकडे प्रामुख्याने पाहायचे आहे, त्यांच्यासाठी एक सुचवतो: एलिझाबेथ मार्टोन यांनी २००२ मध्ये केलेला तिच्यावरचा माहितीपट पाहावा. त्यात तिची पत्रे आणि रोजनिशीच पुष्कळसे बोलतात.

मूळ प्रश्नकर्ता

काल रात्री चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला, या वेळी आपल्या सर्वांचे म्हणणे मनात ठेवून.

माझा मूळ आक्षेप गेलेला नाही. तिच्या निबंधाला आणखी दहा मिनिटे मिळायला हवी होती, आणि ती ज्या प्रसंगांतून काढता आली असती ते प्रसंगही मी दाखवू शकतो. मात्र या वेळी शेवटचा प्रसंग मी वेगळ्या नजरेने पाहिला. १९१३ साल आहे. गरोदर सबीना युंगला सरोवराकाठी भेटायला येते. युंग खचलेला आहे, युरोपभर पूर लोटून त्याचे पाणी रक्ताचे झाल्याचे स्वप्न तिला सांगतो. फ्रॉइडशी त्याचे नाते त्या वर्षाच्या आरंभीच तुटले आहे. या भेटीत आधार देणारी ती आहे आणि बोलून मोकळा होणारा तो आहे. पहिल्या प्रसंगातील दोन खुर्च्यांची जणू अदलाबदल झाली आहे, फक्त आता कोणी कोणाच्या मागे बसलेले नाही.

मग ती निघते. सुरुवातीला ती घोडागाडीतून आली होती, किंचाळत, धरून ठेवलेली. आता ती मोटारीत बसते, शेजारी नवरा आहे, आणि ती आवाज न करता रडते आहे. तिला कोणी धरलेले नाही. मोटार पुढे जाते आणि कॅमेरा परत सरोवराकाठी बसलेल्या युंगकडे येतो. त्या क्षणी मला फार वाटले की कॅमेऱ्याने परत यायला नको होते, त्या मोटारीबरोबर जायला हवे होते.